साथीच्या काळात परदेशी शिकायला जाताय? अडकायचं कुठे, ते आधी ठरवा

३० जानेवारी २०२० या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनासाठी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि भारतातला पहिला रुग्ण केरळात सापडला. वुहानला वैद्यकीय शिक्षण घेणारी, सुट्टीत घरी आलेली ती एक विद्यार्थिनी होती. आणीबाणी उठली ५ मे २०२३ ला. मधल्या तीन वर्षांत परदेशी शिकणाऱ्या आणि शिकायला निघालेल्या आपल्या मुलांनी जे भोगलं, त्यात प्रत्यक्ष आजाराचा वाटा तसा थोडा होता. विशी-पंचविशीतल्या बहुतेकांना गाठलं ते नियमांनी. विमानं बंद झाली, वसतिगृहं रिकामी करायला सांगितली गेली, लस घेतली पण त्या देशाच्या यादीत ती बसेना, वर्ग ऑनलाइन चालू राहिले पण पदवी मायदेशी धरली जाईल की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगेना.

त्यामुळे या लेखाची सुरुवात हात धुण्यापासून नाही. साथ असताना परदेशी जायचं तर सगळ्यात आधी स्वतःला विचारायचं, ‘उद्या सगळं ठप्प झालं तर मी कुठे अडकलेलं परवडेल? घरी, तिथे, की मधल्या कुठल्या विमानतळावर?’ पुढची बरीचशी तयारी या उत्तरावर ठरते.

१. रोग पसरतो कसा, हे आधी माहीत करून घ्या

सगळ्या साथी एका साच्याच्या नसतात. कोरोना आणि फ्लू हवेतून पसरतात, तेही लक्षणं दिसण्याच्या आधीपासून. इबोला रुग्णाच्या शरीरातल्या द्रवांमधून पसरतो आणि लक्षणं सुरू झाल्यावरच संसर्गजन्य होतो. एमपॉक्स मुख्यतः जवळच्या शारीरिक संपर्कातून होतो. कॉलरा पाण्यातून. २०२० च्या उन्हाळ्यात आपण घराघरांत दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या आणि खिडक्या मात्र बंद ठेवल्या. हवेतून पसरणाऱ्या रोगाशी लढायची ती अगदी उलटी पद्धत होती.

माहितीसाठी चार ठिकाणं पुरतात: जागतिक आरोग्य संघटना, ज्या देशात जाताय तिथलं आरोग्य खातं, तिथल्या भारतीय दूतावासाची वेबसाइट आणि तुमच्या विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय. पाचवी गोष्ट विमान कंपनीची. चेक-इन काउंटरवरचा माणूस तुम्हाला विमानात चढू द्यायचं की नाही हे सहसा ‘टिमॅटिक’ नावाच्या माहितीसाठ्यात बघून ठरवतो. तुम्ही दूतावासाच्या साइटवर काय वाचलंत याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर हीच माहिती ‘प्रवास कागदपत्रं’ किंवा तशाच नावाच्या पानावर दिसते. निघायच्या आठवडाभर आधी, मग तीन दिवस आधी आणि शेवटी निघायच्या दिवशी ते पान उघडा. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘माझ्या मित्राला सोडलं’ असं कुणी लिहिलं, तर तो मित्र कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या व्हिसावर गेला ते विचारा. यातलं एकही उत्तर आलं नाही तर तो मेसेज सोडून द्या.

२. जायचं, पुढे ढकलायचं की ऑनलाइन सुरू करायचं?

हा टप्पा घाईघाईत उरकू नका. इथे चुकलेल्या हिशेबाची किंमत वर्षांमध्ये मोजावी लागते.

चीनमध्ये एमबीबीएस करणाऱ्या मुलांचं उदाहरण बघा. सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी तिथल्या विद्यापीठांत शिकत होते. २८ मार्च २०२० पासून चीनने परदेशी नागरिकांना, हातात वैध व्हिसा असला तरी, प्रवेश बंद केला. विद्यार्थ्यांसाठी व्हिसा पुन्हा सुरू झाले ऑगस्ट २०२२ मध्ये. मधली जवळपास अडीच वर्षं मुलं घरी बसून मोबाइलवर शरीररचनाशास्त्र शिकत होती. इकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२१ च्या नियमावलीत स्पष्ट केलं की परदेशी वैद्यकीय पदवी किमान ५४ महिन्यांची हवी आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. ऑनलाइन भागाचं काय, यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२२ मध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकदाच म्हणून सवलत मिळाली, तीही भारतात दोन वर्षांची इंटर्नशिप करण्याच्या अटीवर. मधल्या वर्षातले लोंबकळतच राहिले. वैद्यकीय, नर्सिंग, दंतवैद्यक, वास्तुशास्त्र, कायदा असं कुठलंही परवाना लागणारं शिक्षण असेल, तर परदेशी विद्यापीठ काय म्हणतं याआधी भारतातली नियामक संस्था काय म्हणते ते बघा.

अमेरिकेचं उदाहरण वेगळं. ६ जुलै २०२० ला तिथल्या इमिग्रेशन खात्याने जाहीर केलं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत त्यांना देशात राहता येणार नाही. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेली आणि १४ जुलैला तो आदेश मागे घेतला गेला. आठ दिवसांत दोन टोकं. या आठ दिवसांत घाबरून तिकीट काढलेले पुष्कळ होते. सरकारी घोषणा झाली की लगेच हालचाल करण्याआधी विद्यापीठाच्या अधिकृत मेलची वाट बघावी, हा त्यातला व्यवहारी भाग.

मग ठरवायचं कसं? विद्यापीठाला एक मेल लिहा आणि पुढचे प्रश्न क्रमांक घालून विचारा. फोनवर विचारू नका, उत्तर लेखी हवं.

— प्रवेश पुढच्या सत्राला किंवा पुढच्या वर्षाला ढकलता येतो का? अनामत रक्कम आणि विद्यापीठाची शिष्यवृत्ती तशीच राहते का?
— पहिलं सत्र भारतातून ऑनलाइन केलं तर ते व्हिसाच्या आणि शिक्षणानंतरच्या वर्क परमिटच्या हिशेबात धरलं जाईल का?
— प्रयोगशाळा, स्टुडिओ, क्लिनिकल पोस्टिंग यांचं काय?
— सत्राच्या मध्ये वसतिगृह बंद करावं लागलं तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना राहू देणार का?
— फी परतीची शेवटची तारीख कोणती?

वर्क परमिटचा प्रश्न मुलं हमखास विसरतात. कॅनडाने कोरोनाकाळात परदेशातून ऑनलाइन केलेला अभ्यास पदवीनंतरच्या वर्क परमिटसाठी ठरावीक मुदतीपर्यंत ग्राह्य धरला. ती खास सवलत होती, कायमचा नियम नव्हे. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना पाच महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलं तर एरवी दर्जा जाऊ शकतो. त्या वेळी तो नियम शिथिल केला होता. पुढच्या साथीत करतीलच असं धरून चालू नका.

शैक्षणिक कर्ज घेतलं असेल तर बँकेत जाऊन विचारा की अभ्यासक्रम वर्षभर लांबला तर हप्ता कधी सुरू होईल. सवलतीच्या काळातही व्याज चढतच असतं, हे अनेक पालकांना पहिल्या स्टेटमेंटला कळतं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारखी सरकारी मदत असेल तर प्रवेश ढकलण्याआधी समाजकल्याण आयुक्तालयाकडून लेखी परवानगी घ्या, नुसतं ‘चालेल’ ऐकून थांबू नका.

माझं मत विचाराल तर: पदव्युत्तर शिक्षण एक-दोन वर्षांचं असेल आणि त्यातलं अर्धं खोलीत बसून जाणार असेल, तर ढकला. चार वर्षांची पदवी किंवा पीएचडी असेल आणि तो देश सीमा उघड्या ठेवून असेल, तर जा. अपवाद असतात, पण पैसे देऊन आपण त्या देशातला वर्ग, ग्रंथालय, गाइड आणि ओळखी विकत घेत असतो. नुसत्या लिंकसाठी तीस-चाळीस लाख मोजायला आपल्याकडे कुणाला परवडतं?

३. राहण्याची जागा: इथे कंजुसी नको

१० मार्च २०२० ला हार्वर्डने विद्यार्थ्यांना १५ मार्चपर्यंत वसतिगृह सोडायला सांगितलं. पाच दिवस! अनेक विद्यापीठांनी त्याच आठवड्यात तेच केलं. परदेशी मुलांना अर्ज करून राहता येत होतं, पण अर्ज मंजूर होईपर्यंत पोटात गोळा होताच.

खोली घेताना साथीच्या काळात तीन गोष्टी वेगळ्या बघा. खिडकी उघडते का. संडास-बाथरूम किती जणांत आहे. आणि कोणी आजारी पडलं तर त्याला वेगळं ठेवायला जागा आहे का. दोन खोल्यांच्या घरात सहाजण राहून भाडं वाचवायचं, हा आपल्या मुलांचा आवडता मार्ग. एरवी ठीक आहे. हवेतून पसरणाऱ्या साथीत एकाला झालं की सहांना होतं आणि मग दुकानातून दूध आणायलाही कुणी उरत नाही. करारात मुदतीआधी सोडण्याची अट, पोटभाडेकरू ठेवण्याची परवानगी आणि नोटिशीचा काळ वाचल्याशिवाय सही करू नका.

४. विमा: छोट्या अक्षरातलं वाचा

देशागणिक व्यवस्था निराळी आहे. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो, फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड झाला. त्यावर तुम्हाला तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरता येते, पण पोचल्यावर घराजवळच्या डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, नाव नोंदवणं तुमचं काम. आपली मुलं ते करत नाहीत आणि ताप चढल्यावर धावपळ करतात. जर्मनीत तिशीच्या आतले बहुतेक विद्यार्थी टीके, एओके, बार्मर अशा सार्वजनिक विमा कंपन्यांकडे विद्यार्थी दराने जातात. ऑस्ट्रेलियात ओएसएचसी नावाचा विमा असल्याशिवाय व्हिसाच मिळत नाही.

खरी गुंतागुंत अमेरिकेत. विद्यापीठाची पॉलिसी महाग वाटते म्हणून भारतातून स्वस्त पॉलिसी घेऊन जायचं आणि तिथे सूट मागायची, असा बेत असतो. पुष्कळ विद्यापीठं भारतीय प्रवास विमा त्यासाठी मान्य करत नाहीत. पैसे भरण्याआधी विद्यापीठाची सूट देण्याची अट आणि पॉलिसीची अट शेजारी शेजारी ठेवून वाचा. पॉलिसीत हे शोधा:

— साथीचा रोग किंवा ‘जाहीर झालेली महामारी’ वगळली आहे का? काही प्रवास विम्यांत सरकारने ‘जाऊ नका’ अशी सूचना दिलेल्या देशात झालेला खर्चच मिळत नाही.
— सुरुवातीला स्वतःच्या खिशातून किती भरायचे, म्हणजे डिडक्टिबल?
— विमा कंपनीच्या नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलात गेलात तर किती टक्के खर्च मिळतो?
— मानसिक आरोग्याचे उपचार धरले आहेत का?
— दवाखान्यात हलवण्याचा, आणि वेळ आलीच तर मायदेशी आणण्याचा खर्च?

शेवटचा मुद्दा आईबाबांसमोर मोठ्याने वाचू नये असं वाटतं, पण वाचा.

५. लस आणि कागद

२०२१ मध्ये सगळ्यात जास्त मनस्ताप याच टप्प्यावर झाला, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

पहिला मुद्दा, कोणती लस. कोव्हिशील्डला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता १५ फेब्रुवारी २०२१ ला मिळाली, कोव्हॅक्सिनला ३ नोव्हेंबर २०२१ ला. मधल्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेला गेलेल्या आणि कोव्हॅक्सिन घेतलेल्या अनेकांना विद्यापीठांनी दुसरी लस पुन्हा घ्यायला लावली. लस चांगली की वाईट हा तिथे प्रश्नच नव्हता, ती यादीत आहे की नाही एवढंच बघितलं गेलं. म्हणून उपलब्ध लसींमधून निवड करता येत असेल तर ज्या देशात जायचं त्या देशाची यादी आधी उघडा.

दुसरा, अंतर. कोव्हिशील्डच्या दोन डोसमध्ये त्या वेळी ८४ दिवसांचं अंतर होतं. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना जून २०२१ मध्ये २८ दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची मुभा मिळाली आणि प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक जोडायची सोय झाली. मुंबईत महापालिकेने कस्तुरबा, कूपर आणि राजावाडी रुग्णालयांत अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळं लसीकरण ठेवलं होतं. प्रवेशपत्र आणि व्हिसाची कागदपत्रं दाखवली की नंबर लागायचा. नवी साथ आली तर महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे अशी खास रांग आहे का, हे पहिल्या आठवड्यातच विचारा.

तिसरा आणि अगदी आपला मुद्दा, नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि ‘दिलेलं नाव’ म्हणून स्वतःचं व वडिलांचं एकत्र. आधारवर कधी वडिलांचं नाव असतं, कधी नुसतं आद्याक्षर. लसीचं प्रमाणपत्र आधारवरून निघालं की ते पासपोर्टशी जुळत नाही. दोन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा, स्पेलिंगसकट. जन्मतारीखही पूर्ण हवी. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने भारतीय प्रमाणपत्र नाकारलं तेव्हा त्यावर पूर्ण जन्मतारीख नसणं हा एक आक्षेप होता. ती दुरुस्ती झाली आणि ११ ऑक्टोबरपासून प्रमाणपत्र चालू लागलं. आधार आणि पासपोर्टवरच्या नावांतला घोळ साथ नसतानाच मिटवून ठेवा. साथीत आधार केंद्रही बंद असतं.

नव्या रोगाच्या नादात जुन्या लसी विसरू नका. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं गोवर-गालगुंड-रुबेला म्हणजे एमएमआरचे दोन डोस मागतात. आपल्या सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नाही, त्यामुळे आरोग्य केंद्राचं पिवळं पडलेलं कार्ड नीट असलं तरी तेवढ्याने भागत नाही. दोन डोसमध्ये किमान २८ दिवस लागतात, तेव्हा हे काम जून-जुलैत संपवा. कार्ड हरवलं असेल तर रक्तातली प्रतिपिंडं मोजून अहवाल देता येतो, पण विद्यापीठाला तो चालतो का ते विचारा. क्षयरोगाची चाचणी मागितली तर त्वचेवरच्या मॅन्टू चाचणीऐवजी रक्ताची आयजीआरए चाचणी करा. आपल्याला जन्मतः बीसीजी टोचलेली असते आणि त्यामुळे मॅन्टू खोटी सकारात्मक येऊ शकते. मग तिकडे गेल्यावर एक्स-रे आणि पत्रव्यवहार मागे लागतो.

एक प्लास्टिकची फाइल करा. वर पासपोर्टची प्रत, मग व्हिसा, प्रवेशपत्र, फी भरल्याची पावती, राहण्याचा पत्ता आणि करार, विमा, लस प्रमाणपत्र, चाचणी अहवाल, शेवटी औषधांची चिठ्ठी. याच क्रमाने, कारण काउंटरवर साधारण याच क्रमाने मागतात. फोनमध्ये सगळं असतंच, पण पहाटे दोन वाजता चार्जिंग तीन टक्के असताना आणि विमानतळाचं वायफाय ओटीपी मागत असताना कागद जवळ असला म्हणजे बरं असतं.

६. औषधं आणि सामान

नेहमीची औषधं तीन महिने पुरतील इतकी घ्या, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांकडून टाइप केलेली चिठ्ठी घ्या. तिच्यात ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव हवं. क्रोसिन म्हटलं तर परदेशी फार्मासिस्टला कळणार नाही. पॅरासिटामॉल ब्रिटनला कळतं, अमेरिकेत तेच औषध ॲसिटामिनोफेन नावाने मिळतं. ही बाब लक्षात ठेवायचं कारण म्हणजे तिकडच्या सर्दीच्या औषधांत तेच मिसळलेलं असतं. वर आपण क्रोसिन घेतली की डोस दुप्पट. मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमची मर्यादा आहे, त्यावर यकृताला धोका. आपल्याकडे सर्रास मिळणारं निमेसुलाइड अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मिळत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम यांच्याबाबत अमिरातीचे नियम कडक आहेत, आणि आपली अर्धी विमानं तिथूनच बदलावी लागतात. गरज नसेल तर नेऊ नका.

थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, एन-९५ चे दोन पाकीट, ओआरएस. दाढीवर एन-९५ नीट बसत नाही, हे मुलांना कुणी सांगत नाही. खाण्याचं एवढंच: मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट आणि छोटा राइस कुकर असला की आजारपणाचे चार दिवस निघतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरताना खाण्याचा प्रत्येक पदार्थ फॉर्मवर लिहून द्यावा लागतो. लपवलेल्या लोणच्यापायी मोठा दंड बसतो.

७. पैसे

व्हिसासाठी दाखवलेल्या रकमेशिवाय, हात लावायचा नाही असा तीन महिन्यांचा खर्च आणि एक ऐन वेळचं परतीचं तिकीट एवढी रक्कम बाजूला हवी. हे सांगायचं कारण: साथीत अर्धवेळ कामं सगळ्यात आधी जातात. कॅफे बंद, हॉटेल बंद. ३ एप्रिल २०२० ला ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी परदेशी विद्यार्थ्यांना सरळ सांगितलं की स्वतःचा खर्च भागत नसेल तर घरी जा. जर्मनीने त्याच वर्षी जूनपासून खात्यात पैसे न उरलेल्या विद्यार्थ्यांना, परदेशी धरून, महिन्याला १०० ते ५०० युरो मदत दिली. कोणता देश कसा वागेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा रक्कम बाजूला ठेवा. दोन वेगळ्या बँकांची कार्डं घ्या. आणि विद्यापीठाच्या ‘आपत्कालीन निधी’ची माहिती पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा. पुष्कळ ठिकाणी तो असतो आणि अर्ज न केल्यामुळे आपल्या मुलांना मिळत नाही.

८. प्रवासाचा मार्ग

शक्य असेल तर थेट विमान, महाग पडलं तरी. एक थांबा वाढला की एका देशाचे नियम वाढले. २२ एप्रिल २०२१ ला कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं थांबवली, ती सप्टेंबरअखेर सुरू झाली. मधल्या काळात तिसऱ्या देशातली आरटीपीसीआर चाचणी लागायची. मुलं मेक्सिको, सर्बिया, मालदीव, इजिप्त असा वळसा घालून गेली, तिकीट आणि हॉटेलात लाखोंनी पैसे घालवून. वाटेत चाचणी पॉझिटिव्ह आली तर तिथेच मुक्काम. ब्रिटनने २३ एप्रिल ते ८ ऑगस्ट २०२१ भारताला लाल यादीत टाकलं, तेव्हा हॉटेल विलगीकरणाचे १,७५० पौंड प्रत्येकाने स्वतः भरले.

वळसा घ्यावाच लागला तर त्या मधल्या देशात दोन आठवडे राहायला लागतील असं धरून व्हिसा, पैसे आणि विमा बघा. तिकीट परतावा मिळणारं घ्या. दोन वेगळी तिकिटं जोडून काढली तर पहिलं विमान रद्द झाल्यावर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी नसते.

९. पोचल्यावरचे पहिले दिवस

पहिल्याच दिवशी दूतावासाकडे नोंदणी करा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थ्यांसाठी नोंदणी आहे. १ आणि २ फेब्रुवारी २०२० ला एअर इंडियाच्या दोन विमानांनी वुहानहून साडेसहाशेच्या आसपास भारतीयांना आणलं, ते दूतावासाकडे नावं आणि पत्ते होते म्हणून. तुमचं नाव यादीत नसेल तर तुम्ही त्या शहरात आहात हे त्यांना कळणार कसं?

घरातल्या साथीदारांशी पहिल्या आठवड्यातच बोला. कोणाला ताप आला तर तो कोणत्या खोलीत राहील, बाकीच्यांनी त्याचं जेवण दाराशी ठेवायचं का, पार्टी करायची की नाही. जर्मनीतल्या सामाईक घरांत स्वयंपाकघर एकच असतं. विलगीकरणातल्याने तिथे जायचं नाही ठरलं की त्याला खोलीतच खिचडी शिजवता यायला हवी. वर सांगितलेला राइस कुकर तेव्हा कामाला येतो.

१०. आजारी पडलात तर

घाबरून थेट रुग्णवाहिका बोलावू नका आणि ‘होईल बरं’ म्हणून अंगावरही काढू नका. आधी फोन. ब्रिटनमध्ये १११, जर्मनीत ११६११७, अमेरिकेत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राची नर्स लाइन. दवाखान्यात न सांगता जाऊन बसणं साथीत चालत नाही. लक्षणं कधी सुरू झाली, ताप किती, कोणाच्या संपर्कात आलात, कुठली लस कधी घेतली, हे कागदावर लिहून मग फोन करा. तापात इंग्रजी अडखळतं, जर्मन तर विचारूच नका.

धाप लागणं, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं होणं, ओठ निळसर होणं, जागं राहता न येणं, यातलं काहीही झालं तर मात्र फोनवर प्रश्नोत्तरं नकोत, सरळ आपत्कालीन क्रमांक: अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपात ११२, ऑस्ट्रेलियात ०००. ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली टिकून राहिला तर डॉक्टरांना सांगा. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो, आणि सावळ्या त्वचेवर ही यंत्रं कधीकधी आकडा जास्त दाखवतात. म्हणून आकडा छान पण धाप लागतेय, असं असेल तर धापेवर विश्वास ठेवा.

आई-वडिलांसाठी एक माहिती. मूल अठराचं झालं की परदेशातलं विद्यापीठ किंवा हॉस्पिटल त्याच्या परवानगीशिवाय पालकांनाही सहसा काही सांगत नाही. तुम्ही कोल्हापुरातून कितीही फोन करा. निघण्याआधी विद्यापीठाच्या परवानगी फॉर्मवर तुमचं नाव घालून घ्या. त्या शहरातल्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर ठेवा, महाराष्ट्र मंडळातलं कुणी असेल तर उत्तम. आणि रोज तीन नातेवाइकांनी फोन करण्यापेक्षा एकाने ठरलेल्या वेळी करावा. मन खचलं असेल तर विद्यापीठाचं समुपदेशन बहुतेक ठिकाणी मोफत असतं. अमेरिकेत ९८८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

११. परत यायचं झालं तर

२२ मार्च २०२० ला भारताने आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली. अडकलेल्यांना परत आणणारी वंदे भारत मोहीम ७ मे पासून सुरू झाली, तिकीट ज्याचं त्याने काढायचं होतं. नियमित विमानसेवा पूर्ववत झाली २७ मार्च २०२२ ला. म्हणजे परतायचं असेल तर पहिल्या आठवड्यात परता, ते जमलं नाही तर निदान दीड-दोन महिने हलता येणार नाही असं समजून घर लावा. विमानतळावर जाऊन ‘बघू’ म्हणणं हा सगळ्यात वाईट पर्याय. तिकिटापुरतेही पैसे नसतील तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधीबद्दल विचारता येतं.

उतरल्यावर आपल्याकडचे नियमही असतात. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर घरी विलगीकरणाचा शिक्का मारत होते. मेअखेर सात दिवस स्वखर्चाने संस्थेत आणि सात दिवस घरी असं झालं. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांची सोय आधी दुसरीकडे करा.

निघताना विद्यापीठाकडून रजेचं किंवा ऑनलाइन हजेरीचं पत्र घ्या, कारण व्हिसा पुन्हा वापरायचा आहे. तिथे घेतलेल्या लसींची नोंद आणि तपासण्यांचे अहवाल घ्या. लॅपटॉप, मूळ प्रमाणपत्रं आणि औषधं हातातल्या बॅगेत. खोली ठेवणार असाल तर भाडं कसं जाणार ते लावून द्या. सोडणार असाल तर किल्ली दिल्याची पोच, विजेच्या मीटरचा फोटो आणि अनामत परतीसाठी भारतातला खाते क्रमांक घरमालकाला मेलने पाठवून मगच टॅक्सी बोलवा.